साबुदाणा वगळून

माझ्या आईने माझ्याच घरात, माझ्याच विरुद्ध तीन दिवस उपोषण केलं आणि मला त्याचा पत्ताही लागला नाही. हे कुणाला सांगितलं की लोक माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघतात. ऐकणारी बाई मराठी घरातली असेल तर मात्र ती आधी एकच विचारते, "महिना कुठला होता?" श्रावण, असं सांगितलं की ती मान हलवते आणि मला माफ करून टाकते.

आम्ही सिंगापूरला क्लेमेंटीत राहतो, दहाव्या मजल्यावर. नवरा जहाजावर चीफ इंजिनीयर आहे, त्यामुळे वर्षातले सहा-सात महिने तो फोनमध्येच असतो. मी तांजोंग पगारला एका ऑफिसात सॉफ्टवेअर प्रोजेक्टांची मॅनेजर. मुलगी अकरा वर्षांची. आणि आई. या सगळ्याच्या चौदा महिने आधी बाबा गेले, तेव्हा मी तिला चिपळूणहून घेऊन आले. तिला विचारलं होतं का? हो, विमानात बसल्यावर विचारलं होतं, खिडकी हवी का म्हणून.

एक खोली आम्ही विद्यापीठातल्या माणसांना भाड्याने देतो. त्या वर्षी तिथे एक इंग्लिश संशोधक बाई राहत होती. पस्तिशीची, सहा फूट उंच, भात बोटांनी खायला दोन दिवसांत शिकलेली. आईने तिला पहिल्याच संध्याकाळी स्वतःला काकू म्हणायला लावलं. भाषेची अडचण नव्हती. आईने चिपळूणच्या पोस्टात तेहतीस वर्षं काउंटर सांभाळला होता, तिचं इंग्रजी थोडं सरकारी असलं तरी ठणठणीत होतं.

या बाईचा विषय असा, की सत्याग्रहाची आपली कल्पना युरोप-अमेरिकेत पोचली कशी आणि पोचल्यावर तिचं तिकडच्या लोकांनी काय केलं. या शहरात रस्त्यावर घोषणा द्यायची तरी आधी परवाना काढावा लागतो, आणि ही इथे येऊन निषेधाचा अभ्यास करते, याचं मला फार हसू यायचं. ती म्हणायची, शांतपणे लिहायला अशी जागा दुसरी नाही.

जेवताना ती सांगायची आणि आई ऐकायची. सुरुवातीला म्हणे तिकडच्या लोकांना हा प्रकार कळेचना. काहींना ती पूर्वेकडची साधूगिरी वाटली. काही पाद्र्यांना त्यात त्यांचा येशू दिसला. बाकीच्यांना वाटलं, हे दुबळ्यांचं काम, मार खायचा आणि गप्प बसायचं. मिठासाठी माणसं चालत निघाली तेव्हा तर पुष्कळांनी हसून घेतलं. मग हळूहळू काहींच्या लक्षात आलं, की संतपण घटकाभर बाजूला ठेवून यातली युक्ती बघायला हवी. अमेरिकेत काळ्या लोकांच्या चर्चमध्ये तिची चक्क तालीम व्हायची. एकाने खुर्चीवर बसायचं, बाकीच्यांनी त्याच्या अंगावर ओरडायचं, खुर्ची ओढायची, आणि बसलेल्याने हात उचलायचा नाही.

"तालीम कशाला लागते?" आई म्हणाली. "आमच्याकडे सासरी गेलं की आपोआप होते."

ती बाई वही आणायला उठली. त्यानंतर आईने तिला अर्धा तास अबोल्याचे प्रकार समजावून सांगितले. एकमेकांशी न बोलता मुलांमार्फत निरोप धाडण्याचा, मांजराला उद्देशून बोलण्याचा, आणि सर्वांत भारी म्हणजे नुसतं "बरं" म्हणण्याचा. बाईने सगळं लिहून घेतलं आणि शेवटी विचारलं, यात मागणी काय असते? आई म्हणाली, ती समोरच्याने ओळखायची असते.

"आमच्याकडे हे चालणार नाही," बाई म्हणाली. तिची आजी म्हणे तरुणपणी अणुबॉम्बच्या विरोधात एका लष्करी तळाच्या फाटकासमोर रस्त्यात बसली होती, रेनकोट घालून, थर्मास आणि विणकाम घेऊन. बसण्याच्या आठ दिवस आधी तिच्या मंडळींनी पोलिसांना पत्र घातलं होतं: आम्ही अमुक दिवशी, अमुक वाजता, अमुक कारणासाठी बसणार आहोत. "तुमच्याकडून आलेली गोष्ट आम्ही पेटीतून सुटं येणाऱ्या कपाटासारखी करून टाकली," ती म्हणाली. "सगळे भाग वेगळे, सोबत कागद, आणि पायरी एक, पायरी दोन." पायरी एक अशी, की मागणी लहान हवी आणि कुणालाही कळणारी. राजाचं सिंहासन मागायचं नाही, मीठ मागायचं.

पोलिस उचलायला आले की अंग कसं सैल सोडायचं, तेही तिने आम्हाला हॉलमध्ये आडवं पडून दाखवलं. मी दंड धरले, मुलीने पाय धरले. सहा फूट बाई इंचभर हलेना. आईला हे इतकं आवडलं, की पदर खोचून ती स्वतः चटईवर आडवी झाली आणि म्हणाली, आता मला उचला. मुलगी हसून हसून सोफ्यावरून खाली आली. मीही हसले. आई कशाची तयारी करते आहे, हे मला कुठे माहीत होतं?

आता मूळ भांडणाकडे येते. आईला चिपळूणला जायचं होतं. तसं ती मला चार-पाचदा म्हणालीही होती. "मला जरा चिपळूणला जायचंय," असं तिने म्हणायचं आणि मी लॅपटॉपवरून मान न काढता सुरू व्हायचं: एकटी राहणार? जिने कसे चढणार? रात्री काही झालं तर? बाबा न्हाणीघरात पडले तेव्हा आई बाजारात गेली होती. ती घरी येईपर्यंत सगळं संपलं होतं. एकटं राहणं म्हणजे न्हाणीघरात पडणं, हे समीकरण माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मला भीती वाटायची, आणि भीती वाटली की मी हुकूम सोडते. हा माझा स्वभावच आहे, ऑफिसातले लोकही सांगतील. तिचा पासपोर्ट मी सगळ्यांच्या पासपोर्टांसोबत माझ्या कपाटाच्या खणात कुलूप लावून ठेवला होता. सुरक्षित राहावा म्हणून, असं मी म्हणायचे.

ऑगस्ट उजाडला. ब्लॉकच्या गॅलऱ्यांना इथल्या राष्ट्रीय दिनाचे झेंडे लागले, आणि तिकडे श्रावण लागला. सोमवारी आई जेवली नाही. सोमवारच तो, शंकराचा. मंगळवारी जेवली नाही. मला वाटलं मंगळागौरीचं काही असेल. बुधवारीही ताटावर बसली नाही, तेव्हा बुध-बृहस्पती आठवले आणि माझं समाधान झालं. श्रावणात ज्या दिवशी उपास नाही असा दिवसच नसतो. आई ताक घेत होती, लिंबाचं सरबत घेत होती, त्यामुळे काळजीचं कारण नव्हतं. उलट मी कौतुकाने ऑफिसातून लवकर येऊन साबुदाण्याची खिचडी केली, वरून ओलं खोबरं, आणि तिच्यासमोर नेऊन ठेवली. तिने माझ्याकडे असं काही बघितलं, की मला वाटलं मीठ कमी पडलं.

बुधवारी संध्याकाळी भाडेकरू बाईने मला गॅलरीत बोलावलं. चेहरा उतरलेला.

"तुझी आई तीन दिवस जेवली नाही," ती म्हणाली.

"उपास आहे तिचा," मी म्हटलं.

"उपोषण आहे."

"देवाचं असतं ते."

"देवाचं नाही," ती शांतपणे म्हणाली. "तुझ्याविरुद्ध आहे. आणि दुसऱ्या पक्षाला अजून कळलेलंच नाही, असं उपोषण मी आजवर कुठे वाचलेलं नाही."

मी तशीच आत गेले. आई पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटून. "आई, तू माझ्यामुळे जेवत नाहीयेस?" तिने डोळे उघडले.

"तुला आत्ता कळलं?"

"मला वाटलं श्रावण."

ती सरळ होऊन बसली. "आणि मला वाटलं, काय दगडाच्या काळजाची पोरगी आहे. तीन दिवस आई उपाशी, आणि ही समोर खिचडी आणून ठेवते. वर खोबरं घालून." मग तिचा चेहरा हलायला लागला, मला वाटलं रडते आहे, पण ती हसत होती. मीही हसायला लागले. दोघींना थांबता येईना. दारातून मुलगी डोकावली आणि म्हणाली, "आजी, यू ओके ऑर नॉट?"

वरण-भात, तूप, लिंबाची फोड. आई सावकाश जेवली. बाई समोर बसली होती. ती म्हणाली, तिच्या देशात एक वेळ कुणी जेवलं नाही तर घरात सगळे घाबरतात, म्हणून तिकडे उपोषणाचा वचक बसतो. इथे अख्खं घर उपास पाळतं, मग कुणाला कसं कळणार?

आईने भात कालवता कालवता विचार केला. "म्हणजे तुम्ही आमच्याकडून उपोषण नेलंत आणि साबुदाणा तिथेच ठेवून गेलात," ती म्हणाली. "हुशार आहात. आमच्याकडे जेवण सोडलं की देवाने बघायचं असतं. तुमच्याकडे पेपरवाले बघतात."

मला वाटलं, चला, हसण्यावारी गेलं, मिटलं. मी तिला काय हवंय हे विचारलंसुद्धा नाही.

पुढचे दोन दिवस आई आणि ती बाई खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सच्या बाजारात, दुपारी कोपी म्हणजे इथली कॉफी प्यायला जात होत्या, एवढं मला मुलीकडून कळलं. शनिवारी सकाळी मी खाली लेटरबॉक्स उघडला, तर वीजबिलाच्या खाली एक पाकीट. माझं पूर्ण नाव, आमचाच पत्ता, आणि अक्षर आईचं. दहाव्या मजल्यावरून खाली उतरून, क्लेमेंटीच्या पोस्टात जाऊन, तिकीट लावून, तिने मला पत्र पाठवलं होतं. महत्त्वाचा कागद हातोहात द्यायचा नसतो, यावर तिची श्रद्धा. मी लिफ्टपाशी उभी राहून वाचलं.

"विषय: पासपोर्ट परत मिळणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयी कळविण्यात येते की अर्जदाराचा पासपोर्ट गेले चौदा महिने आपल्या कपाटात आहे. तो अर्जदाराच्या ताब्यात देण्यात यावा. अन्यथा येत्या सोमवारपासून अर्जदार ज्या व्हिजिट पासवर या देशात आहे, त्या पासला शोभेल असेच वागेल. तसदीबद्दल क्षमस्व. आपली विश्वासू, आई."

मी वर गेले ती तणतणत. आधी भाडेकरू बाईच्या दारावर टकटक केली. "तू माझ्या आईला भडकवते आहेस," मी म्हटलं. ती बिचारी म्हणाली, काकूंनी फक्त विचारलं की आजीने पोलिसांना पत्रात काय लिहिलं होतं, ते मी सांगितलं. मजकूर त्यांचा आहे. "आणि खरं सांगू," ती म्हणाली, "आजीच्या पत्रापेक्षा हे पुष्कळच चांगलं आहे."

पासपोर्ट मी दिला नाही. देऊन टाकला असता तर काय बिघडत होतं? पण तो एकदा हातात आला की ती जाईल, आणि गेली की पडेल, इथवर माझं डोकं एका दमात पोचायचं.

सोमवारी सकाळी उठून हॉलमध्ये येते तर आई सोफ्याच्या अगदी कडेला बसलेली. इस्त्रीची साडी, केसांना तेल, मांडीवर पर्स. पांघरुणाची घडी घालून तिने तिच्या खोलीत पलंगाच्या पायथ्याशी ठेवली होती, लग्नघरी पाहुणे ठेवतात तशी.

"चहा?" मी विचारलं.

"असू दे गं. कशाला उगीच त्रास?"

"आई, रोज चहा तूच करतेस."

"तुमच्याकडे काय पद्धत आहे, मला काय ठाऊक," ती गोड आवाजात म्हणाली.

मग मी चहा केला. तिने अर्धाच घेतला आणि छान झालाय म्हणाली. मुलीला विचारलं, कितवीत आहेस गं तू? फ्रीज उघडायच्या आधी माझ्याकडे बघून, "चालेल ना?" आंघोळीला जाताना, "गरम पाणी शिल्लक आहे का तुम्हाला?" तिच्या स्वतःच्या खोलीकडे जाताना दारात वळून, "बरं, येते हं." सगळं अतिशय सौजन्याने. माझ्या डब्याला हात लावला नाही, कारण पाहुणे डबा करत नाहीत. बाजारातून भाजी आली नाही, कपडे दोरीवर राहिले. मंगळवारी नवऱ्याने जहाजावरून फोन केला, आईंना काय हवंय ते देऊन टाक, म्हणाला. मी त्याला म्हटलं, तू तुझं इंजिन बघ.

"आजी सो पोलाइट," मुलगी माझ्या कानाशी येऊन म्हणाली. "व्हेरी स्केअरी, लाह."

भाडेकरू बाई हरखून गेली होती. बहिष्कार, संप, रस्त्यात बसणं, पाठ फिरवून उभं राहणं, पाश्चात्त्यांनी केलेल्या सगळ्या याद्या तिला पाठ होत्या, पण स्वतःच्या मुलीच्या घरी पाहुणी होऊन दाखवणं त्यातल्या कुठल्याच यादीत नव्हतं. मला हसू येत होतं खरं. पण दर वेळी आई "तुमच्याकडे" म्हणाली की मला आत कुठेतरी लागायचं. कारण ती नाटक करत होती आणि त्यात एक शब्द खोटा नव्हता. सोफा माझ्या पसंतीचा होता, भांडी माझी होती, तिचं इथे राहणंही माझ्या सहीवर होतं. ही माझी आई माझ्या घरी चौदा महिने पाहुणी होती, आणि तिला घरचं म्हणून मी फक्त कामं सांगितली होती.

गुरुवारी संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर ती तशीच कडेला बसलेली. माझा बांध फुटला. चप्पल न काढताच मी तिच्यासमोर उभी राहिले.

"तू तिथे एकटी असताना पडलीस तर मी काय करू? इथून पळत येऊ? बाबा तासभर पडून होते, तू बाजारातून येईपर्यंत. मला रोज ते दिसतं."

आईने पर्स बाजूला ठेवली.

"मी बाजारात नव्हते," ती म्हणाली.

मला कळेना.

"घरातच होते. बाहेरच्या खोलीत शेंगा सोलत होते. टीव्ही मोठा लावलेला. वीस मिनिटांनी मला वाटलं, हे अजून बाहेर कसे आले नाहीत." तिने हातावर हात ठेवला. "तू फोनवर विचारलंस, तू कुठे होतीस? तुझा आवाज असा होता, की मी बाजारात म्हणाले. मग ते तसंच राहिलं."

मी खाली बसले, तिच्या पायाशी, फरशीवर.

"सोबत माणूस असलं की माणूस पडत नाही, असं नसतं गं," आई म्हणाली. "मी पडले तर पडेन. इथे पडले तरी तू तांजोंग पगारलाच असणार. हे सांगायला मला इतके दिवस लागले, म्हणून तुझ्यावर रागावून बसले. राग तुझा नव्हता, निदान सगळा नव्हता."

मी रडले. बाबांसाठी रडले, आणि वीस मिनिटांचं ते ओझं तिने चौदा महिने एकटीने माझ्याच घरात बाळगलं, म्हणूनही रडले. ती माझ्या केसांवरून हात फिरवत होती. भाडेकरू बाई पाण्याची बाटली भरायला बाहेर आली, आम्हाला बघून तशीच पाऊल न वाजवता मागे गेली. तिच्या वहीत हे गेलं की नाही, मी कधी विचारलं नाही.

मग मी उठून कपाटाचं कुलूप काढलं आणि पासपोर्ट तिच्या हातात दिला. तिने तो उघडून फोटो बघितला, पत्ता बघितला, सगळं नीट आहे याची खात्री केली. पोच म्हणून मला सही करून देईल की काय असं वाटलं.

मी लॅपटॉप उघडला. द्यायचं तर मनापासून द्यायचं, असं ठरवून मी मुंबईचं एका बाजूचं तिकीट शोधायला लागले. डोळे पुसत होते आणि शोधत होते. आई चष्मा लावून शेजारी येऊन बसली.

"हे काय, एकाच बाजूचं?"

"तुला परत जायचंय ना?"

"गणपतीला जायचंय," आई म्हणाली. "दिवाळीला यायचंय. पोरीचा किल्ला कोण करणार? मग उन्हाळ्यात आंब्यांना परत जाईन. तुला कुणी सांगितलं मी कायमची चालले म्हणून?"

"मग हे आधी का नाही बोललीस?"

"बोलत होते. चिपळूणला जायचंय, इथवर आले की तू सुरू व्हायचीस. पुढचं वाक्य कधी ऐकलंसच नाहीस."

पंचेचाळीस वर्षांची बाई मी, समोरच्याचं बोलणं पूर्ण होऊ द्यावं म्हणून ऑफिसात नव्या मुलांचे वर्ग घेते. मी जाण्याची तारीख टाकली, मग हात कीबोर्डवरून काढून घेतले आणि म्हटलं, आता तू सांग, येण्याची कुठली टाकू. आणि गप्प बसले.